तुसाच्या राखेचे काँक्रीट: ठाणे आणि नवी मुंबईच्या शहर अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
शहर अभियंता, ठाणे महानगरपालिका
शहर अभियंता, नवी मुंबई महानगरपालिका

विषय: भाताच्या तुसाची राख सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरण्यास स्रोतनिहाय मंजुरी देण्याबाबत

महोदय,

आपणा दोघांना एकच पत्र लिहिण्याचे कारण साधे आहे. खाडीच्या दोन्ही काठांवर खडी आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) बेसाल्टच्याच खाणींची येते, आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या त्याच वाहतुकीत अडकतात आणि सळईला गंज चढवणारी खारी हवाही एकच आहे. शेतकचऱ्याची राख काँक्रीटमध्ये वापरावी अशी मागणी समोर आली की सहज सुचणारी उत्तरे दोन असतात. एक, सरसकट नकार. दुसरे, निविदेत 'पर्यावरणपूरक काँक्रीट' असा शब्द घालून सरसकट होकार. पहिल्याने एक चांगला माल हातचा जातो. दुसऱ्याने वाईट माल पुलाखाली, गटारात आणि भिंतीत जाऊन बसतो, आणि तो तिथून काढता येत नाही. आम्हाला विचाराल तर दुसरे उत्तर जास्त धोक्याचे आहे.

मानकाच्या दृष्टीने ही राख नवखी नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, आयएस ४५६:२००० च्या, कलम ५.२ मध्ये फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख), सिलिका फ्यूम (सिलिकॉनच्या भट्ट्यांतली अतिबारीक सिलिका) आणि मेटाकाओलिन (भाजलेली चिकणमाती) यांच्या सोबत तुसाच्या राखेचाही उल्लेख आहे. अपेक्षित कामगिरी आणि एकसारखेपणा देणारी राख निर्णय घेणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने वापरता येते, असे ते कलम सांगते. महापालिकेच्या कामापुरते ते प्राधिकारी आपणच आहात. कलमाखालची टीप मात्र क्वचितच कोणी वाचतो. तिचा आशय असा: प्रत्येक स्रोताची राख वेगळी तपासावी, कारण ती काँक्रीटमध्ये गाळाइतकी घातक ठरू शकते, आणि पाण्याची वाढीव गरज व सुकतानाचे आकुंचन वापरापूर्वी अभ्यासावे. आमची सगळी मागणी या टिपेत सामावली आहे. मंजुरी 'तुसाची राख' या नावाला देऊ नये. अमुक गिरणीच्या अमुक बॉयलरमधून निघालेल्या आणि अमुक ठिकाणी दळलेल्या राखेला द्यावी. बॉयलर, इंधन किंवा दळण यांपैकी काहीही बदलले की ती मंजुरी आपोआप संपावी.

एवढी कडक अट का, ते सांगतो. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असते, आणि तूस जळाल्यावर त्याच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा राख उरते. त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिमेंटमध्ये पाणी पडले की ताकद देणाऱ्या जेलबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाही तयार होतो. हा चुना ताकदीला फारसा उपयोगाचा नसतो. खडीच्या कडेला तो थराथराने साचतो, पाण्यात विरघळतो आणि वाटा मोकळ्या करतो. राखेतली सिलिका अस्फटिक असेल तर ती याच चुन्याशी संयोग पावून आणखी जेल बनवते, आणि त्या वाटा बुजतात. तीच सिलिका स्फटिक झालेली असेल तर राख म्हणजे महाग पडलेली बारीक वाळू.

अस्फटिक की स्फटिक, हे भट्टीत ठरते. पुरेशी हवा देऊन ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जाळलेल्या तुसात कार्बन बराचसा जळून जातो आणि सिलिका अस्फटिक राहते. ८०० च्या वर गेल्यावर क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिक सिलिका, बनू लागते. इथे तापमानाइतकाच वेळही महत्त्वाचा असतो. फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरमध्ये (हवेच्या झोतावर तरंगत्या थरात इंधन जाळणाऱ्या) तापमान ८०० च्या पुढे असते, तरी कण तिथे थोडा वेळच राहतो, म्हणून त्याची राख पुष्कळदा चांगली निघते. जाळीवर जळणाऱ्या जुन्या बॉयलरमध्ये मात्र एकाच ढिगात वर अर्धवट जळालेले तूस आणि तळाशी चिकटून गोळे झालेली राख मिळते. तुसात पोटॅशियम असते. उष्णता एकदम वाढली तर त्यामुळे सिलिकेचा पृष्ठभाग लवकर वितळतो आणि आतला कार्बन कोंडला जातो. तो मग कितीही जाळला तरी जात नाही. राख काळी राहते, आणि वर स्फटिकही होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, पी. के. मेहता यांनी नियंत्रित तापमानाला जाळलेल्या राखेवर १९७० च्या दशकातच काम केले होते. म्हणजे शास्त्र जुनेच आहे. अडचण आहे ती आपल्याकडचे बहुतेक बॉयलर वाफेसाठी चालतात, राखेसाठी नव्हे, ही.

रंगावरून अंदाज बांधता येतो, निर्णय घेता येत नाही. काळी राख म्हणजे कार्बन. पांढरी किंवा गुलाबीसर राख पाहून पुरवठादार खूश असतो, पण ती जास्त तापलेली असण्याची शक्यता मोठी. करडी राख तपासायला घ्यावी, इतकेच.

आता आपल्या भागात राख येणार कुठून ते पाहू. कर्जत, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात भात पिकतो आणि गिरण्याही आहेत. तिथले तूस जिथे बॉयलरमध्ये जळते तिथली राख तपासण्याजोगी. वीटभट्टीतली राख घेऊ नये. तिच्यात माती आणि दगडी कोळशाची राख मिसळलेली असते. शेतात राब भाजल्यावर उरणारी राखही नको. पेंढ्याची राख तर अजिबात नको. पेंढा आणि तूस एकाच रोपाचे असले तरी पेंढ्यात पोटॅशियम आणि क्लोराइड बरेच जास्त असते, आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एकूण क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर नेण्यास आयएस ४५६ ची मनाई आहे.

सर्वात मोठा मोह ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या बॉयलरांच्या राखेचा होईल, कारण ती प्लांटच्या दारात मिळते. हे बॉयलर ब्रिकेटवर चालत असतील तर सावध राहावे. ब्रिकेट म्हणजे लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, बगॅस (उसाची चिपाडे) यांचे त्या महिन्यात जे स्वस्त मिळाले त्याचे मिश्रण. जानेवारीतली राख आणि एप्रिलमधली राख हे दोन वेगळे पदार्थ असतात. एका नमुन्याचा अहवाल दुसऱ्याला लागू पडत नाही. 'शेतकचऱ्याची राख' एवढ्याच शब्दांत मंजुरी दिली तर कायद्याने ही राखही आत येते.

उसाच्या बगॅसच्या राखेचा विषय वेगळा आहे आणि आशादायक आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीतून ती मोठ्या प्रमाणात निघते. तिच्यात न जळालेले तंतू राहतात. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनात एक सोपी वाट दिसली: ३०० मायक्रॉनच्या चाळणीने तंतू वेगळे काढायचे आणि उरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळायची. चाळल्याशिवाय दळली तर कार्बनही दळला जाऊन सगळीकडे पसरतो. पण गळीत हंगाम संपल्यावर उघड्यावर पावसात भिजलेली राख घ्यायची नाही. तिच्याबद्दल इथे एवढेच. खालची मात्रा तुसाच्या राखेची आहे.

तपासणीत काय मागावे? नमुना पुरवठादाराने पाठवलेला नसावा. आपल्या माणसाने लॉटमधल्या वेगवेगळ्या पोत्यांतून काढून, एकत्र करून, सीलबंद केलेला असावा. खर्च पुरवठादाराचा. पहिली चाचणी जळतीच्या घटीची, लॉस ऑन इग्निशनची. फ्लाय ॲशला आयएस ३८१२ भाग १ मध्ये ५ टक्क्यांची मर्यादा आहे. सळईच्या कामासाठी इथेही तीच ठेवावी. अमेरिकी मानक एएसटीएम सी ६१८ नैसर्गिक पोझोलानाला (चुन्याशी संयोग पावणाऱ्या पदार्थाला) १० टक्क्यांपर्यंत सवलत देते आणि पुरवठादार ते दाखवतील. बिनसळईच्या कामाला फार तर ८ पर्यंत जावे, त्यापुढे नको. कार्बन स्वतः ताकद घटवत नाही, पण तो सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट वाहते ठेवणारे रसायन) शोषून घेतो. मग साइटवर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा प्रवाहीपणा) मिळत नाही, ड्रायव्हर पाणी घालायला ड्रममध्ये पाइप लावतो आणि सगळे गणित तिथेच संपते.

दुसरी चाचणी एक्स-रे डिफ्रॅक्शनची. आयआयटी मुंबईत ही सोय आहे. आलेखात २२ अंशांच्या आसपास रुंद, बसका उंचवटा दिसला तर सिलिका अस्फटिक. तिथेच सुईसारखे टोक उभे राहिले तर क्रिस्टोबलाइट, आणि तो लॉट परत. हे टोक असलेली राख कामगारांच्या फुप्फुसांनाही घातक असते. पोती फोडणाऱ्याला साधा रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा मास्कच लागतो.

तिसरी, बारीकपणाची. इथे एक फसगत नेहमी होते. तुसाची राख आतून सच्छिद्र असल्याने ब्लेनचा आकडा (हवा झिरपवून मोजलेला बारीकपणा) मोठा येतो आणि राख बारीक आहे असे वाटते. तो आकडा बाजूला ठेवून ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओल्या पद्धतीने किती उरते ते पाहावे. आम्ही १० टक्क्यांच्या वर उरलेली राख घेऊ नये असे सुचवतो. सरासरी कण १० मायक्रॉनच्या आत असावा. न दळलेली राख स्पंजासारखी पाणी पिते, आणि तेच पाणी पुढे काँक्रीटमध्ये पोकळी होऊन राहते. त्यामुळे बॉल मिलची सोय नसलेल्या पुरवठादाराचा अर्ज तपासायचेही कारण नाही.

चौथी, ताकदीच्या तुलनेची. आयएस १७२७ प्रमाणे मॉर्टर क्यूब (सिमेंट-वाळूचे घन ठोकळे) करून २८ दिवसांची ताकद निव्वळ सिमेंटच्या क्यूबशी ताडतात. फ्लाय ॲशला ८० टक्के पुरतात. ही पायरी तुसाच्या राखेला फार बुटकी आहे. २० टक्के सिमेंट काढून तिथे दगडाची निष्क्रिय पूड घातली तरी ताकद ७५-८० च्या घरात राहते, म्हणजे ८० टक्क्यांचा अहवाल राख काम करते हे सिद्ध करीत नाही. दोन उपाय आहेत. एक, किमान ९५ टक्के मागावेत. चांगली दळलेली राख सिमेंटच्या बरोबरीला येते किंवा पुढे जाते. दुसरा, त्याच प्रयोगशाळेत, त्याच दिवशी, तितक्याच बारीक क्वार्ट्झ पावडरचे क्यूब करायला लावावेत. राखेचे आणि क्वार्ट्झचे आकडे जवळजवळ आले तर राख नाकारावी, मग ते आकडे कितीही चांगले असोत.

हे झाले मंजुरीपूर्वी. त्यानंतर प्रत्येक लॉटला जळतीची घट, ४५ मायक्रॉनची चाळणी, ओलावा आणि मार्श कोन एवढे पुरे. मार्श कोनमधून पेस्ट वाहायला लागणारा वेळ मंजूर नमुन्यापेक्षा ठळक वाढला तर कारण शोधेपर्यंत तो लॉट सायलोत जाऊ नये. ही चाचणी प्लांटच्या प्रयोगशाळेतच होते आणि अर्ध्या तासात उत्तर मिळते.

मिक्स डिझाइनचा प्रारंभबिंदू म्हणून एम ३० चे (२८ दिवसांत ३० मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीटचे) एक प्रमाण देतो. एक घनमीटरला ओपीसी (साधे पोर्टलंड सिमेंट) ५३ ग्रेड ३४२ किलो, राख ३८ किलो, पाणी १६० लिटर, २० मिमी खडी ७२० किलो, १० मिमी खडी ४८० किलो, क्रश सँड ७७० किलो, पीसीई जातीचे ॲडमिक्श्चर (सुपरप्लास्टिसायझर) साधारण ३.४ किलो, म्हणजे एकूण बाइंडरच्या (सिमेंट अधिक राख) ०.९ टक्के. खडी आणि सँडची वजने पृष्ठभाग कोरडा असतानाची आहेत. पाणी आणि बाइंडरचे गुणोत्तर ०.४२ येते, किनारी भागातल्या 'सिव्हिअर' वर्गाला आयएस ४५६ प्रमाणे ०.४५ ची कमाल मर्यादा आणि ३२० किलोचे किमान सिमेंट लागते, त्यात हे बसते. लक्ष्य ताकद ३८.२५ मेगापास्कल धरावी. हे आकडे ट्रायलसाठी आहेत. आपल्या प्लांटच्या सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची धूळ जास्त असेल तर पाणी आणि ॲडमिक्श्चर दोन्ही हलतील.

असे प्रमाण ठरवताना एक गोष्ट चुकते ती घनफळाची. सिमेंटचे विशिष्ट गुरुत्व ३.१५, राखेचे २.१ च्या आसपास. ३८ किलो सिमेंटच्या जागी ३८ किलो राख आली की जवळपास ६ लिटर घनफळ वाढते. सँड तेवढी, म्हणजे १६ किलोच्या आसपास, कमी केली नाही तर घनमीटर भरून वर उरतो, मिश्रण चिकट होते आणि दर घनमीटरला प्रत्यक्ष सिमेंट कमी पडते. जुन्या डिझाइनमध्ये फक्त सिमेंटचा आकडा बदलून देणारी शीट आली तर ती तशीच परत करावी.

प्रमाण १० टक्केच का? १५ टक्क्यांपर्यंत चांगली राख ताकद टिकवते, पण पाण्याची गरज झपाट्याने वाढते आणि ॲडमिक्श्चरच्या खर्चात सिमेंटची बचत जाते. ५ टक्क्यांनी फरक पडतो, पण सायलो, वजनकाटा, चाचण्या एवढा व्याप करण्याइतका नाही. आणखी एक अट ठळक अक्षरांत लिहावी: ही राख पीपीसीबरोबर, म्हणजे पोझोलाना सिमेंटबरोबर, वापरू नये. आयएस १४८९ प्रमाणे पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश आधीच असते. तिच्यात आणखी राख पडली तर चुनाच पुरत नाही. सेंटरिंग उशिरा काढावे लागते, आणि उशीर कोणालाच परवडत नसल्याने ते वेळेआधी निघते.

प्लांटवर राख स्वतंत्र सायलोत हवी. ती हलकी आणि भुरभुरीत असल्याने सायलोच्या गळ्याशी कमान धरते आणि स्क्रू कन्व्हेयर रिकामा फिरतो. हवेचा झोत देणारी पॅड बसवावी लागतात. वेगळा सायलो परवडत नसेल तर १९ किलोची मोजलेली पोती करून घ्यावीत, घनमीटरला दोन. सहा घनमीटरच्या गाडीला बारा. पोती मोजायला सोपी आणि तपासायलाही. रिकामी पोती मोजली की हिशोब लागतो. वजनात चूक सिमेंटसारखीच २ टक्क्यांच्या आत. मिक्सरमध्ये खडी, सँड आणि थोडे पाणी आधी, मग सिमेंट आणि राख एकत्र, शेवटी उरलेले पाणी ॲडमिक्श्चरसह, आणि नेहमीपेक्षा अर्धा मिनिट जास्त फिरवणे. ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रममध्ये वरून कोरडी राख ओतू देऊ नये. ती पात्यांना चिकटते, तिचे गोळे होतात आणि क्यूबमध्ये त्या गोळ्यांपैकी एकही येत नाही, म्हणून अहवाल छान दिसतो.

घोडबंदर रस्त्यावर किंवा शिळफाट्याला गाडी दीड तास अडकणे नवे नाही. आयएस ४९२६ दोन तासांत माल उतरवायला सांगते. राखेच्या काँक्रीटमध्ये स्लम्प नेहमीपेक्षा लवकर उतरतो, कारण सच्छिद्र कण पाणी शोषत राहतात. प्लांटवर १५० मिमीचा स्लम्प देऊन साइटवर १०० मिमी मिळेल असा ट्रायल घ्यावा, आणि तो ट्रायल प्लांटच्या अंगणात अर्धा तास न करता पूर्ण दोन तास, दर अर्ध्या तासाला मोजून घ्यावा. साइटवर स्लम्प कमी पडला तर त्याच ॲडमिक्श्चरची ठरलेली मात्रा, अभियंत्यासमोर. पाणी नाही.

ओतल्यानंतरचा धोका वेगळा आहे. या काँक्रीटमध्ये वर पाणी सुटत नाही. मिस्त्रीला ते आवडते, कारण फिनिशिंग लवकर होते. पण मार्च ते मे या काळात दुपारी खाडीवरून वारा सुटला की वरचा थर आतून पाणी येण्याआधीच सुकतो आणि पहिल्या दोन-तीन तासांत नकाशासारख्या तडा पडतात. त्यामुळे उन्हाळ्यात स्लॅब आणि रस्त्याचे ओतकाम संध्याकाळी ठेवावे, फिनिश होताच प्लास्टिकने झाकावे, आणि क्युरिंग सात दिवसांवर थांबवू नये. खनिज मिश्रणे असलेल्या काँक्रीटला आयएस ४५६ किमान १० दिवस सांगते आणि ते १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करते. आम्ही १४ च धरा म्हणू. राखेची अभिक्रिया पाण्यावर चालते. क्युरिंग चुकले तर साध्या सिमेंटच्या काँक्रीटपेक्षा हे काँक्रीट जास्त बिघडते.

आता पुरवठ्याचा हिशोब, ज्याशिवाय हा सगळा उत्साह निरर्थक आहे. एक टन भातातून २०० किलो तूस, त्यातून ४० किलो राख. घनमीटरला राख लागते ३८ किलो. म्हणजे एक घनमीटर काँक्रीटमागे जवळपास एक टन भात. सात मीटर रुंद, एक किलोमीटर लांब, २५० मिमी जाडीच्या एका काँक्रीट रस्त्याला १,७५० घनमीटर काँक्रीट लागते. याच मात्रेने त्याला ६६ टनांहून जास्त राख हवी, आणि ती मिळवायला १,६०० टनांहून जास्त भात कांडला गेला पाहिजे. कोकणपट्ट्यातली राख दोन्ही शहरांच्या सगळ्या कामांना कधीच पुरणार नाही. भंडारा, गोंदियाकडे ती भरपूर आहे, पण ते अंतर हजारेक किलोमीटरचे आहे आणि न दळलेल्या राखेचा ट्रक वजनाने भरण्याआधी आकारानेच भरतो. कार्बनच्या हिशोबात ती फेरी बसेलही. पैशाच्या हिशोबात बसते का, हे कंत्राटदार पहिल्या खेपेला सांगेल.

म्हणून रस्त्यांच्या मोठ्या घनफळाला ही राख घालण्याच्या फंदात पडू नये. तिथे फ्लाय ॲश आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) आहेत, मुबलक आहेत आणि त्यांची सवय सर्वांना आहे. तुसाची राख गुणाने सिलिका फ्यूमच्या जवळची आहे. सिलिका फ्यूम जिथे आपण क्लोराइड अडवण्यासाठी मागतो, तिथे हिची खरी जागा आहे: खाडीला मिळणाऱ्या नाल्यांच्या भिंती, नवी मुंबईतल्या होल्डिंग पाँडची (भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यांची) दारे आणि कल्व्हर्ट, भरतीचे पाणी टेकते ती सगळी कामे. ठाणे खाडीचे अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे; तिच्या काठावर दर काही वर्षांनी तोडफोड करून भिंती दुरुस्त करणे कमी झाले तर तोही फायदाच. अशा कामांना २८ दिवसांच्या क्यूबबरोबर ५६ दिवसांची जलद क्लोराइड चाचणी, आरसीपीटी, मागावी आणि १,००० कूलंबच्या आतला निकाल ही अट ठेवावी.

पण थेट तिथून सुरुवात करू नये. पहिले वर्ष सळई नसलेल्या कामांचे असावे: कर्बस्टोन, फुटपाथखालचे पीसीसी (बिनसळईचे काँक्रीट), पेव्हर ब्लॉक. पेव्हरच्या कारखान्यात मिश्रण जवळजवळ कोरडे असते. राखेमुळे ते आणखी कोरडे पडून ब्लॉकच्या कडा साच्यातून निघतानाच झडतात. तिथे राख खालच्या थरातच आणि ८ टक्क्यांच्या आत घालावी. वरच्या रंगीत थरात घालू नये, कार्बनने रंग मळतो. आयएस १५६५८ प्रमाणे पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत येते का, ते प्रत्येक स्रोताला पाहावे. पूर्वताणित काँक्रीट, उड्डाणपुलांचे गर्डर आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या या सगळ्यांतून सध्या वगळाव्यात.

शेवटी कागदपत्रांचे. दरसूचीत स्वतंत्र बाब नसेल तर एकही कंत्राटदार या वाटेला जाणार नाही, आणि जाईल तो चाचण्या वाचवणारा असेल. राखेच्या काँक्रीटचा दर त्याच ग्रेडच्या साध्या काँक्रीटइतकाच ठेवावा. घनमीटरला ३८ किलो सिमेंट वाचते म्हणून दर कापला तर दळण, ॲडमिक्श्चर आणि चौदा दिवसांचे क्युरिंग या तिन्हींत काटकसर होईल. सिमेंटचा हिशोब तपासणाऱ्या लेखापरीक्षकांसाठी कार्यादेशातच लिहावे, की बाइंडर म्हणजे सिमेंट आणि मंजूर राख यांची बेरीज. नाहीतर 'सिमेंट कमी वापरले' असा आक्षेप दोन वर्षांनी आपल्याच टेबलावर येतो. मंजूर स्रोतांची यादी दोन्ही महापालिकांनी एकच ठेवावी, मुदत सहा महिन्यांची, आणि नाकारलेले लॉटही त्याच यादीत दिसावेत. एका शहरात परत गेलेला ट्रक खाडी ओलांडून दुसऱ्या शहरात उतरू नये यासाठी याहून सोपा उपाय नाही.

भाताची मळणी आटोपून गिरण्या भरात असतात तेव्हाच, डिसेंबरात, दोन्ही शहरांत फुटपाथाचा प्रत्येकी शंभर मीटरचा एक तुकडा घ्यावा. अर्धा राखेचा, अर्धा त्याच प्लांटचा साधा, शेजारी शेजारी, एकाच टोळीने टाकलेला. क्यूब ७, २८, ५६ आणि ९० दिवसांचे. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात दोन्ही अर्ध्या भागांतून कोअर (कापून काढलेले दंडगोल नमुने) काढावेत, तडांची लांबी मोजावी आणि आकडे संकेतस्थळावर टाकावेत, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. मिक्स डिझाइन, ट्रायल आणि नमुना उचलण्याची पद्धत लिहून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. त्या तुकड्यासाठी राख पुरवणाऱ्या कोणाशीही आमचा व्यवहार नसेल, ही अट आमच्यावर आपण लेखी घालावी.

आपले,
ठाणे-नवी मुंबई परिसरात मिक्स डिझाइन आणि काँक्रीट चाचणीचे काम करणारे अभियंते